वरच्या वाडीची तीन घरं

नियोजन विभागात माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: माझे अंदाज चुकत नसत. अमुक भागाला पाच वर्षांनी किती वीज लागेल, याचा मी मांडलेला आकडा आणि पाच वर्षांनी खरोखर निघालेला आकडा यांत फारसं अंतर नसे. सहकारी मला चेष्टेनं 'पंचांगवाल्या बाई' म्हणत. मीही हसून घेत असे. आता निवृत्ती जवळ आली आहे आणि खरं सांगायचं तर मी थकले आहे. तेव्हा त्या पंचांगाचं पहिलं पान कसं लिहिलं गेलं, ते सांगून टाकते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी महाडला ज्युनियर इंजिनिअर म्हणून रुजू झाले. वीज खात्याच्या त्या कार्यालयात तोवर बाईमाणूस फक्त टायपिंगला असे. सावित्री नदीला पाणी चढलं की दप्तरं माळ्यावर टाकायची, उतरलं की खाली आणून उन्हात वाळवायची आणि मधल्या काळात लोकांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. साहेब माणूस वाईट नव्हते, पण "डोंगरातलं काम तुम्हाला झेपायचं नाही" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. म्हणून वाड्यांचा सर्व्हे निघाला तेव्हा मी तो हट्टानं मागून घेतला. पोलादपूरकडच्या डोंगरांत जिथे अजून वीज पोचली नव्हती, त्या वाड्यांतली राहती घरं मोजायची होती. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी भरली, तर त्या वाडीला खांब मिळणार नव्हते.

सर्व्हे उन्हाळ्यातच करायचा, कारण पावसात त्या वाटांवर पाय ठरत नाही. मुंबईत बसून हे ठरवणाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर शेळ्या आहेत कुठे, हे बघायला खाली कोण उतरतो? पुढे मीही त्याच उंटावर बसले, त्यामुळे जास्त बोलत नाही.

शेवटची राहिली ती गुरं पाळणाऱ्यांची एक वाडी, अगदी डोंगरमाथ्यावर. जीप नदीपाशी सोडून मी आणि एक जुने लाइनमन दोन-अडीच तास चढत होतो. वर पोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सतरा घरं होती, पण अंगणांत ना माणूस, ना गुरंढोरं. चौदा दारांना करवंदीच्या वाळक्या काटेरी फांद्या आडव्या बांधलेल्या. तीन घरांत तेवढी म्हातारी माणसं होती. त्यातल्या एका घरातून एक आजी बाहेर आल्या. त्यांची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. त्यांनी मला मडक्यातलं पाणी दिलं. मी तांब्याभर प्यायले, वर आणखी मागितलं.

"बाकीची माणसं कुठं गेली, आजी?"

"खाली नदीला, गुरांसंगं. हितलं पानी आटलं ना. मिरगाच्या आधी येतील समदी."

"म्हणजे ही घरं बंद आहेत?"

"बंद कशी? काटी लावलीय गो बाय. काटी लावली म्हंजे घर जितं हाय. सोडून जायाचं आसलं तर दाराची फळी काढून नेतात."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा मुंबईला पिठाच्या गिरणीत कामाला होता. वीज आली की तो परत येऊन वाडीत गिरण घालणार होता. "बायकांना दळान डोक्यावर घेऊन खाली उतराया नको. सून हाय, नातवंडं हायत, समदी हितंच ऱ्हातील. नीट लिव हां, बाय."

माझ्या फॉर्मवर रकाना होता, 'सध्या राहती घरे'. सतरा लिहायची तर प्रत्येक कुटुंबप्रमुखाची सही किंवा अंगठा हवा, आणि ते प्रमुख नदीकाठानं चार ठिकाणी पांगलेले. शोधायचे म्हणजे आणखी दोन दिवस. अहवालाची मुदत परवावर आलेली. उशीर झाला असता तर साहेबांचं आवडतं वाक्य मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. लाइनमन माझ्याकडे बघत होते. मी तीन लिहिली. पावसाळ्यानंतर येऊन पुन्हा मोजू, असं स्वतःला सांगितलं.

"लिवलंस?" आजींनी विचारलं.

"लिहिलं," मी म्हटलं.

मुदतीत अहवाल देणारी त्या वर्षी मी एकटीच निघाले. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, शिफारस वर गेली आणि पुढच्या वर्षी मला मुंबईला नियोजन विभागात घेतलं. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं राहिलं ते राहिलंच. त्या वर्षी माझं लग्न होतं. पुढच्या वर्षी आणखी काही होतं. फेरसर्व्हेचं पत्र मी मनात शंभरदा लिहिलं असेल. इकडे यादी होती तशीच पुढे सरकत राहिली. कारकून जुन्या यादीवरून नवी यादी करतो, डोंगर कोण चढतो? माझे तीन दर वर्षी नव्या कागदावर उतरत गेले. मी बढत्या घेत गेले, आणि नव्या मुलांना बजावत गेले की अंदाजाचा पाया पक्का हवा.

दहा-बारा वर्षांनी दुर्गम वाड्यांना सौरदिवे द्यायची योजना माझ्या टेबलावर आली. यादीत ती वाडी होती, पुढे मंजूर दिवे तीन. मी फाइल मिटली आणि जुनं देणं फेडायला जावं तशी स्वतःच निघाले. दिवस थंडीचे होते, म्हणजे झऱ्याला पाणी आणि गुरं वर असायला हवी होती. गुडघे धरत, चार ठिकाणी बसत मी चढले. दिवे बसवणारी माणसं माझ्या कितीतरी आधी वर पोचली होती.

दारांना काट्या नव्हत्या. चौदा घरांच्या दारांच्या फळ्याही नव्हत्या. धूर तीनच घरांतून निघत होता.

आजी होत्या. वाकल्या होत्या, पण मला त्यांनी ओळखलं. "तूच ना गो ती, मोजाया आलीवतीस? पंचायतीत यादी वाचली तवा तीन घरं म्हनले. पयलं समदी हसली. मंग येक येक करून उतराया लागली. लाइट यायचीच नाय, तर पोरासोरांनी ऱ्हायाचं कशाला?"

"आजी, चूक माझी होती," मी म्हटलं. "मी सतरा लिहायला हवी होती." मला लाज वाटली. इतक्या वर्षांत एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तवा तुला तहान लय लागलीवती. माझं दोन दिसांचं पानी प्यालीवतीस." आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

दिवा लागला. आजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर गिरण चालंल?"

"नाही चालणार, आजी."

"मंग ऱ्हाऊ दे. पोरगा आता तिकडंच ऱ्हायला."

मुंबईला येऊन मी काम पूर्ण झाल्याचा फॉर्म भरला. अंदाजित घरे तीन. प्रत्यक्ष घरे तीन. शेवटचा रकाना फरकाचा होता. तिथे मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली.