मेणाचे कण

रक्तातल्या प्लेटलेट धुवायच्या म्हणजे फार हळू हाताचं काम. आधी रक्त यंत्रात सावकाश फिरवायचं. लाल भाग तळाला बसला की वरचा पिवळा रक्तरस काढून घ्यायचा आणि तो पुन्हा जोरात फिरवायचा. तळाशी पांढरा ठिपका जमतो, त्या प्लेटलेट. रस ओतून द्यायचा, ठिपका खारट पाण्यात अलगद मिसळायचा, परत फिरवायचा. शेवटी नळीत पातळ दुधासारखं पाणी उरतं. त्यात ठरलेलं द्रव्य घातलं की निरोगी माणसाच्या प्लेटलेट एकमेकींना धरतात आणि दुधात कण दिसू लागतात. एकोणीसशे साठच्या दशकात, नातवंडांनो, अमरावतीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी हे काम करत असे.

माझी धाकटी नणंद अकोल्याहून तिथे आली ती याच तपासणीसाठी. तिच्या नाकातून रक्त आलं की थांबता थांबत नसे, आणि महिन्याच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळायची. आत्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरत होतं. घरात ही रीतच होती. माझे सासू-सासरेही आते-मामे भावंडं.

आमच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "दोष रक्तरसात असेल, तर बाळंतपणात दुसऱ्याचा रस देऊन मुलीला वाचवता येईल. दोष प्लेटलेटमध्येच असेल, तर माझ्याकडे काही उपाय नाही. लग्नाचा विचार करू नका." म्हणून तिचा रस धुऊन काढायचा आणि निरोगी माणसाच्या रसात तिच्या प्लेटलेट काय करतात ते बघायचं, असं ठरलं.

मी पुण्याची, म्हणून मला चिडवायला ती मुद्दाम वऱ्हाडी बोले. दंडावर कापूस दाबून बसली आणि म्हणाली, "वहिनी, माह्यं रक्त धुऊन राहिल्या, तं थोडी नीळ बी घाला."

"वन्सं, कापूस सोडू नका," मी म्हटलं.

प्लेटलेट काचेला चिकटतात, म्हणून आम्ही नळ्यांना आतून मेण लावत असू. चैत्रातल्या उन्हानं ते मऊ पडायला लागलं होतं. वऱ्हाडात उन्हाळ्यात जे जपायचं ते रांजणाखालच्या ओल्या वाळूत जातं. आम्ही नळ्याही तिथेच खोचून ठेवल्या.

द्रव्य घातलं, नळी हलवली आणि कण दिसले. डॉक्टर म्हणाले, "धरताहेत." तुमचे आजोबा दारातच उभे होते. बहिणीच्या डोक्यावर टपली मारून ते दुपारच्या गाडीनं अकोल्याला निघाले.

ते गेल्यावर डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला. मग त्यांनी मला नळी कढत पाण्यात धरायला सांगितली. कण वितळले आणि वर तेलकट तवंग आला. वाळूच्या गारव्यानं मेणाला तडे जाऊन त्याचे कपचे सुटले होते.

नणंद शेजारीच होती. म्हणाली, "तूप झालं की, वहिनी."

दुसऱ्या दिवशी नव्या नळ्या घेतल्या. माझ्या रक्ताची नळी फाटलेल्या दुधासारखी दिसू लागली. तिची मात्र एकसारखी पांढरी राहिली. तिच्या नळीत रस माझाच घातला होता, तरीही. म्हणजे दोष प्लेटलेटमध्येच होता.

आम्ही दोघी अकोल्याला पोहोचलो तोवर लग्नाची तारीख धरली होती. नवऱ्या मुलाची आई, आत्याबाई, पेढे घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. सासरे वकील. ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, साक्षीदार काल हो म्हणाला आणि आज नाही, तर कोर्ट त्याची साक्ष धरत नाही."

आत्याबाई म्हणाल्या, "काल गुठळी होती, आज मेन झालं. उद्या साबन निघंल."

"म्या सोता पाह्यलं, आत्या," नणंद म्हणाली. "माह्या डोयासमोर वितळलं."

"तू आत जा," सासूबाई म्हणाल्या. ती गेली. तुमचे आजोबा वडिलांशी वाद घालत राहिले, पण चांगली बातमी त्यांनीच आणली होती. आता त्यांचंही कोणी ऐकेना.

लग्न वैशाखात झालं. पुढच्या वर्षी ती अकोल्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. आमचे डॉक्टर रक्तरसाच्या बाटल्या घेऊन आले होते. त्या लावल्या. उपयोग होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि तिलाही. माझा हात धरून ती म्हणाली, "वहिनी, पोरीचं धुऊन पाहा बरं." संध्याकाळपर्यंत ती गेली.

मुलीचं रक्त मी तपासलं, नळ्या वाळूत न खोचता खोलीतच ठेवून. कण धरले. कढत पाण्यातही ते राहिले. तिला मी माझ्या घरी आणलं.

ती तुमची आत्या. खेळताना पडलात का, रक्त लवकर थांबलं का, असं ती दर फोनवर विचारते आणि तुम्ही हसता. तिला नीट उत्तर देत जा.