शंकासुर आणि सिलिंडर

गल्लीत त्याला सगळे शंकासुर म्हणत. धंदा वेल्डिंगचा. दुसऱ्याने आवळलेला नट हा पुन्हा स्वतः पाना लावून बघणार. चहात साखर टाकलीय असं बायकोने सांगितलं, तरी चमचा घालून तळ ढवळणार.

ती बायको आता हृदयाची झडप बदलून अतिदक्षता विभागात पडून होती. तोंडात श्वासाची नळी आणि त्या नळीला जोडलेला एक सिलिंडर. सिलिंडर पाहिला आणि शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली.

"दुखणं हृदयाचं, मग गॅस फुफ्फुसात कशाला?"

"हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसात रक्त ढकलते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती दमलीय. या गॅसने तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, तिचं ओझं उतरतं."

"हं."

त्याच्या 'हं'चा अर्थ 'थापा मारताय' असा असतो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

बाई गेल्यावर त्याने सिलिंडरवर टकटक केलं. फुसफुस नाही, काही नाही. रिकामाच दिसतोय! तेवढ्यात नर्स शेजारच्या खाटेकडे वळली. वर्कशॉपात त्याचा नियम होता : जवळ माणूस नसेल तर आधी सिलिंडर बंद. हात आपसूक चावीवर गेला.

"ओ काका! हात काढा आधी!"

नर्सच्या ओरडण्याने शेजारचा पेशंटही दचकला. डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि त्याला दाराबाहेर घेऊन गेल्या.

"गॅस एकदम तोडला असता, तर वाहिन्या पुन्हा आवळल्या असत्या. त्या दमलेल्या हृदयाला ते झेपलंच नसतं. तो बंदसुद्धा हळूहळू करायचा असतो."

शंकासुराचं तोंड एवढंसं झालं. बिडाचा तुकडा जोडला की तो स्वतः राखेत पुरून ठेवायचा. घाईने गार केला की तडकलाच.

"म्हणजे राखेत ठेवायचं," तो पुटपुटला. बाईंना ओ का ठो कळलं नाही.

त्यानंतर भेटीच्या वेळी तो खिशात हात घालून उभा राही, आणि सिलिंडरजवळ येणाऱ्या प्रत्येकावर डोळा ठेवी. फरशी पुसणाऱ्या मावशींनाही सोडलं नाही. "जपून हं, चावीला धक्का नको!"

"ऐका! आणि हे सांगतंय कोण!" नर्स म्हणाली.

गॅस थोडा थोडा कमी होत थांबला, सिलिंडर गेला, मग नळीही निघाली. बायकोने डोळे उघडले, नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुम्ही इथल्या कशाला हात तर नाही ना लावलात?"

त्याने नर्सकडे पाहिलं. नर्सने छताकडे.

"छे! मी कशाला लावू?"

"हं," बायको म्हणाली.