पातळ रक्ताच्या बायका

आमच्या घरातल्या बायकांचं रक्त पातळ, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. आई, तिची धाकटी बहीण म्हणजे माझी मावशी, आणि मग मी. पेण तालुक्यात, गागोद्याच्या बाजूला आमचं गाव. पावसात भात आणि त्याच्यामागून वाल. लावणीच्या दिवसांत आईची पाळी आली की ती चिखलात उतरायची नाही आणि घरात कुणी त्यावरून तिला बोलायचं नाही. एवढी मुभा दुसऱ्या कुणाला नव्हती. आईचं अंगावरून जाणंच तसं असायचं. कापडावर कापड घेतलं तरी ओटीवर येऊन बसायची तिला भीती वाटायची. उपाय ठरलेले होते: सब्जा, धण्याचं पाणी, आवळा. "उष्णता हाय अंगात," असं म्हटलं की विषय संपला.

मी वयात आले तेव्हा माझंही तसंच निघालं. आईने माझ्यासाठी गडद रंगाचे परकर शिवून घेतले आणि म्हणाली, "आपल्याकडं असंच असतं गो. सवय होते." मला सवय झाली. जिने चढताना धाप लागायची, नखं पांढरी दिसायची, त्याचीही झाली.

बारावीनंतर मी पेणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं. आमच्या बाई मुंबईहून येऊन पेणला राहिलेल्या. उंच, आवाज करडा, पण शिकवायला लागल्या की वर्ग डोळे उघडून ऐकायचा. एकदा त्यांनी काचेच्या नळीतलं रक्त खिडकीशी उभं करून ठेवलं होतं. काही वेळाने वर पिवळसर पाणी दिसू लागलं, खाली लाल गाळ, आणि मधे अगदी पातळशी पांढुरकी रेघ. "ज्याला आपण नुसतं रक्त म्हणतो, त्या एका थेंबात अख्खी वसाहत आहे," बाई म्हणाल्या. प्राणवायू वाहणाऱ्या पेशी, लढणाऱ्या पेशी, जखम बुजवणाऱ्या बिंबिका, आणि त्या सगळ्यांना घेऊन फिरणारं ते पिवळं पाणी. मला ते ऐकायला फार आवडलं. स्वतःच्या रक्ताबद्दल उष्णतेपलीकडे काही ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला. प्रत्येकीने स्वतःच्या बोटाला टोचून घ्यायचं होतं. आधी रक्तगट. काचपट्टीवर रक्ताचे थेंब, एकावर निळं द्रावण, एकावर पिवळं. माझं पिवळ्यात फाटलं, दूध नासावं तसं. म्हणजे बी गट. बी गटाच्या आम्ही मुली एका बाजूला जमलो आणि ए वाल्यांना उगाच चिडवत राहिलो.

त्यानंतर रक्त थांबायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं. पुन्हा टोचायचं, पुसायचं नाही, दाबायचं नाही, नुसता टिपकागद थेंबाला लावायचा. कागदावर आधी मोठा डाग पडतो, मग लहान, मग आणखी लहान, मग कोरा कागद. मैत्रिणींचे कागद एकेक करून कोरे झाले. माझ्या कागदावर सारखेच मोठे डाग पडत राहिले. कागदाची एक बाजू भरली, मी तो उलटवला. शेजारची म्हणाली, "तू सुई खोल घातलीस." मीही तसंच समजून हसले.

बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझं बोट कापसाने घट्ट दाबून धरलं आणि सोडलंच नाही. म्हणाल्या, "दुसऱ्या हाताचं करू या. मी टोचते."

दुसऱ्या हाताचंही तसंच झालं. मग त्यांनी बारीक काचनळीत माझं रक्त घेतलं. थोड्या थोड्या वेळाने नळीचा तुकडा मोडून बघायचा, दोन तुकड्यांच्या मधे कोळ्याच्या धाग्यासारखा तंतू ताणला गेला की रक्त गोठलं असं समजायचं. माझा तंतू इतरांइतक्याच वेळात आला. बाईंनी घड्याळ पुन्हा पाहिलं.

"गोठतंय तर वेळेवर," त्या म्हणाल्या. "मग जखमेशी थांबत का नाही?" आणि सगळ्या मुली गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला पाळीत फार जातं का?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सगळ्यांनाच जातं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

तोवर मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी आई सांगितली, मावशी सांगितली. बाईंनी मान हलवली आणि मुंबईला मला स्वतः घेऊन जायचं ठरवलं. आई म्हणाली, "बाई संगतीला हायेत तर जा."

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रक्ताच्या आजारांचे एक वयस्क डॉक्टर होते. तपासण्यांना दोनतीन खेपा झाल्या. शेवटी त्यांनी समोर बसवून समजावलं. माझ्या बिंबिका पुरेशा होत्या आणि चांगल्या होत्या. पण त्यांना फाटलेल्या रक्तवाहिनीला चिकटायला जे प्रथिन लागतं, ते माझ्या रक्तात कमी होतं. जन्मापासून कमी. आईकडून आलेलं. पातळ वगैरे काही नाही. गोळ्या होत्या, त्या पाळीच्या दिवसांत घ्यायच्या. डोकं दुखलं तरी ॲस्पिरिनला हात लावायचा नाही. आणि दात काढायचा असो की बाळंतपण, डॉक्टरला आधी सांगायचं.

"घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. "माहीत असलं की निम्मं काम झालं."

खरं सांगते, मी घाबरले नव्हतेच. परतीच्या एसटीत मला वाटत होतं, कुणीतरी माझ्या हातात माझीच किल्ली दिली.

आईला मात्र राग आला. "म्हंजे आम्ही सगळ्या रोगी?" ती चुलीपाशी बसली होती, उठून उभी राहिली. मी तिला शेताच्या बांधाचं सांगितलं. बांधाला खांड पडली, पाणी वाहायला लागलं, तर माणसं धावून येतात, एकमेकांना धरून उभी राहतात, मग माती पडते. "आपल्याकडं माणसं हायेत आई, मातीही हाय. धरायला हात कमी पडतात, एवढंच."

ती ऐकत राहिली. मग खाली बसली आणि हळूच म्हणाली, "तर मग माझ्या आईचं पण त्येच झालं असंल."

माझी आजी, आईची आई, मावशीला जन्म देताना गेली होती. रक्त थांबलं नाही. तेव्हा आई लहान होती, पण तिला ती खोली आठवत होती. गावाने त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला होता: जन्मलेली पोर अपशकुनी, आईला खाऊन आली. मावशी हे ऐकतच मोठी झाली. भांडणात तिला कुणीही हे तोंडावर ऐकवायचं.

पुढच्या वर्षी निरोप आला की मावशीची पिशवी काढायची ठरली आहे. मावशी रोह्याजवळ दिली होती. रक्त जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली होती, आणि रोह्याच्या डॉक्टरांनी गर्भाशय काढायचा सल्ला दिला होता. मी आईला घेऊन नागोठण्यामार्गे रोह्याला गेले.

मावशी खाटेवर पडून होती. मी म्हटलं, "मावशे, ऑपरेशनच्या आधी एक तपासणी करू या."

"नको गो. सुटू दे मला येकदाची," ती म्हणाली.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, दारात उभे होते. "तू कॉलेजात शिकतेस, त्ये ठीक. डॉक्टर नाय झालीस अजून."

"व्हय काका, नाय झाले," मी म्हटलं. "म्हणून तर डॉक्टरांनाच सांगायचंय. तुम्ही चला माझ्यासंगती."

काका आले. माणूस वाईट नव्हता, बायकोच्या आजारपणाने थकलेला होता. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी आधी घाईघाईत ऐकलं, मग पेन खाली ठेवलं. मला दोनचार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तिला आजच आणा. हे आधी कळलं ते फार बरं झालं."

रिक्षातून मावशीला आणली. डॉक्टरांनी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, कोपराखाली लहानसं टोचलं आणि टिपकागद हातात घेतला. सोबत विचारत राहिले. बाळंतपणात किती गेलं? दात काढला तेव्हा? मावशीने जन्मात पहिल्यांदा हे सगळं एका परपुरुषाला सांगितलं, मान खाली घालून, पण सगळं. कागदावर मोठे लाल डाग पडत होते. काका पुढे वाकून बघत होते.

"ऑपरेशन आत्ता नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी मुंबईला पक्की तपासणी. ही अशीच टेबलावर घेतली असती, तर मला जड गेलं असतं."

"आणि आमच्या आईला असंच असेल का हो?" माझ्या आईने मधेच विचारलं. "बाळंतपणात गेली ती."

डॉक्टरांनी सावकाश सगळं ऐकून घेतलं. "बहुतेक हेच असणार," ते म्हणाले. "रक्त थांबवायला तेव्हा जवळ कुणी नसेल."

मावशीने मान वर केली. दंडाला पट्टा तसाच होता. "म्हंजे मी नाय मारली तिला?"

आईने तिचं डोकं पोटाशी धरलं आणि दोघी बहिणी त्या दवाखान्यात, सगळ्यांच्या समोर, मोठ्याने रडल्या. काका बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी नर्सला खुणेने दार लोटायला सांगितलं.

मुंबईच्या तपासणीत जे निघायचं तेच निघालं. मावशीला गोळ्या सुरू झाल्या, लोहाच्या निराळ्या. दोनतीन पाळ्यांत तिच्या ओठांवर रंग आला. पिशवीत गाठ वगैरे काही नव्हती, त्यामुळे ऑपरेशनची गरजच उरली नाही. आईच्या थोरल्या भावाची, माझ्या मामाचीही तपासणी केली, त्यालाही तेच निघालं, पण पुरुषांची दर महिन्याला परीक्षा होत नाही, म्हणून त्याला कधी पत्ताच लागला नव्हता. नंतर लग्न होऊन मी पेणला राहू लागले आणि माझं बाळंतपण झालं, तेही व्यवस्थित, कारण डॉक्टरांपासून आयांपर्यंत सगळ्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. एवढं, की शेवटी तिथली आया म्हणाली, "बाई, कळलं आम्हाला!"

मावशी बदलली ती वेगळ्याच बाबतीत. आधी लग्नाकार्यात ती मागच्या दारी भांडी घासत बसायची. आता बाळंतिणीला पाहायला पुढे जाऊ लागली. कुणी जुनं काढलं तर म्हणायची, "रक्ताचा आजार व्हता तिला. डॉक्टरनी सांगितलंय."

काही वर्षांनी तिची धाकटी मुलगी वयात आली. मावशी तिला घेऊन एसटीने पेणला माझ्याकडे आली. पिशव्यांतून पोह्याचे पापड, वाल, काय काय आणलं होतं. चहा ठेवायच्या आधीच तिने पोरीला माझ्यापुढे बसवलं.

"हिला सगळं सांग," ती म्हणाली. "काय लपवू नको. मी मदी बोलणार नाय."

मी सांगायला लागले. पोर लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "ताई, मग मी कबड्डी खेळू का नको?"

"खेळ," मी म्हटलं. "पण गुडघ्याला पट्टे लाव, आणि तुझ्या सरांना सांगून ठेव."

"मी सांगते सरांना," मावशी म्हणाली.