तोंडी शिक्षा

फौजेत दोन प्रकारच्या शिक्षा असतात, तोंडी आणि कागदी. हे मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. अकोल्याकडच्या एका लान्स नायकानं शिकवलं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बॅरेकमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर. मी त्याला दादा म्हणायचो. कंपनीत वऱ्हाडातले आम्ही दोघंच, त्यामुळं घरून आणलेला खाऊ आणि घरची बोली दोन्ही आमच्यातच संपायची.

तोंडी शिक्षा म्हणजे पिठ्ठू. पाठीवरच्या पिशवीत वजन भरायचं, रायफल डोक्यावर धरायची आणि साहेबाचं समाधान होईपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायच्या. पाय फुटतात, खांदे सोलवटतात, पण दप्तरी त्याची नोंद नसते. कागदी शिक्षेत पळावं लागत नाही. टोपी आणि पट्टा काढून तुम्हाला मोठ्या साहेबासमोर उभं करतात, दोन मिनिटांत निकाल लागतो आणि तुमच्या नोंदींत लाल शाईची एक ओळ पडते. ती ओळ बढती खाते. दादा म्हणायचा, "पिठ्ठू पायजे तेवढा मार गड्या, पण कागदावर येऊ नको. घाम धुतला का गेला. कागद नाई धुतल्या जात."

म्हणूनच वरचा कुणीही "खरं लिहून दे, काही होणार नाही" म्हणाला की आम्ही बॅरेकमध्ये हसायचो. असं लिहून देऊन सुटलेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

चौथ्या वर्षी मी सुटीवर गावी आलो. गाव शेंदूरजनाघाटच्या बाजूचं. बहिणीला पाहायला पाहुणे यायचे होते, माझी सुटी संपायच्या दोन दिवस आधी. मुलाचा मामा संत्र्याच्या तोड्यात अडकला आणि मामाशिवाय काही ठरणार नव्हतं, म्हणून बैठक पुढं गेली. आमच्या घरात वडील नाहीत. पाहुण्यांसमोर बसायला मीच. मी पाच दिवस जास्त राहिलो, सोयरीक जमली आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण फौजेला हे कारण सांगून पाहा. मी दादाला फोन केला. त्यानं अमरावतीच्या राजापेठेतल्या एका डॉक्टरचा पत्ता दिला. शिकवणी वर्गाच्या मागचा जिना, वर म्हातारे डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी दादाला सुटीवरून परतायला उशीर झाला होता, तेव्हा त्यालाही त्यांनीच तारलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडं नीट पाहिलंही नाही. टायफॉइड, पाच दिवस विश्रांती, सही, शिक्का. मी खुशीत जिना उतरलो.

दादा आणि मी दोघंही शेतकऱ्याची पोरं. एका झाडाची दोन फळं एकाच टोपलीत गेली की ओळखू येतात, एवढं तरी आम्हाला कळायला हवं होतं. सुभेदार साहेबांनी माझं सर्टिफिकेट पाहिलं, बाबूला जुनी फाइल आणायला सांगितली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. तोच आजार, तीच विश्रांती, तेच वळणदार अक्षर. तुमच्या मुलखात टायफॉइड बरोबर पाच दिवसांत बरा होतो का, असं त्यांनी विचारलं. फाइलवर नाव कुणाचं ते मला दिसत होतं.

मग त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "सच लिख दे. तू बच जाएगा, मेरी ज़ुबान है."

दादाचं वाक्य मला पाठ होतं. तरी मी लिहिलं. का लिहिलं याला मी पुढं पुष्कळ कारणं शोधली. खोटं बोलणं वाईट, साहेबाला सगळं माहीतच होतं, वगैरे. खरं कारण एकच: मी घाबरलो होतो. लिहून झाल्यावर साहेब म्हणाले, पत्ता कुणी दिला तेही लिही, आणि तो स्वतः तिथं कशाला गेला होता तेही. तेही लिहिलं. दादाचा नंबर, रँक, नाव, एकाही खाडाखोडीशिवाय. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं.

आणि साहेबांनी शब्द पाळला. सात दिवस पिठ्ठू, कागदावर काही नाही. सुंठेवाचून खोकला गेला. ज्याच्या शब्दावर सगळी बॅरेक हसायची तो माणूस शब्दाचा पक्का निघाला आणि मी, ज्याला दादानं उशाखालचा चिवडा दिला, तो कच्चा निघालो.

चौथ्या दिवशी दादाला टोपी-पट्टा काढून आत नेलं. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, जुनी फाइल निघाली. त्याच संध्याकाळी त्यानं लंगरमधून, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून, बादलीभर गरम पाणी आणलं, त्यात मीठ टाकलं आणि माझे फुटलेले पाय त्यात ठेवायला लावले. त्याला काही माहीत नाही, असं समजून मी पाय ठेवले. मला बरंही वाटलं. याची लाज मला जबाबापेक्षा जास्त वाटते.

त्या वर्षी नायकपदाच्या बढतीची यादी निघाली, तिच्यात दादा नव्हता. तो लान्स नायक म्हणूनच घरी गेला. मी हवालदार होऊन निवृत्त झालो आणि राजापेठेतच भाड्यानं राहतो. ते डॉक्टर आता नाहीत, जिन्यावर मोबाइलचं दुकान आहे. दादा अकोल्यात एका गोदामावर पहारेकरी आहे. अकोल्याला गेलो की मी त्याच्याकडं जायचो, आज सांगूच म्हणून, आणि पोह्यांची चव सांगून परत यायचो. साहेबाला पाच मिनिटांत लिहून दिलं ते याला चौदा वर्षं सांगता आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. दुपारची वेळ होती, वहिनी शेजारी गेल्या होत्या, दादा कूलरमध्ये पाणी टाकत होता. मी म्हणालो, "दादा, तुमचं नाव मीच लिहून दिलं होतं."

त्यानं बादली रिकामी केली. "मालूम हाय. सायबानं तवाच वाचून दाखवला मले, आखा जबाब. नियमच हाय तसा."

मी विचारलं, त्याच दिवशी? त्याच दिवशी, तो म्हणाला.

"मंग गरम पानी काहून आनलं?"

"पाय सुजले होते ना तुह्ये."

तो खाटेवर बसला, पंच्यानं हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"लिवून देल्लं त्याचा राग मले दोन दिवस होता. तू भेलता, समजलं मले. पन तवापासून दर खेपेले येतं, पोहे खातं अन् निंगून जातं. मी वाट पाहून रायलो होतो. त्याचा राग अजून हाय."