पेन कुणाच्या हातात

बायकोला माती दिल्याचा तिसरा दिवस होता. इस्रायलात रामल्याच्या आमच्या फ्लॅटात आरशावर चादर टाकलेली, आणि मी न् माझी मुलगी खाली गादीवर बसलेलो. सात दिवस असं बसायचं, कामाला हात लावायचा नाही, हा आम्हा यहुद्यांचा कायदा. मी चवथीपर्यंत शिकलो, पण एवढं मला कुणी शिकवायला नको.

शुक्रवारी दुपारी मुलीचा मोबाइल वाजला. हापिसातून. ती भराभर हिब्रूत बोलली आणि तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, मला काम करावं लागेल. आत्ता."

"वेडी झालीस?"

मेव्हणी स्वयंपाकघरातून हातात डाव घेऊनच आली. "आईच्या दुखवट्यासाठी फाडलेलं कापड अजून अंगावर आहे तुझ्या. त्यांना सांग, आमचं माणूस मेलंय, तुमचं मशीन चार दिवस मरू दे!" बहीण गेल्यापासून तिच्या जिभेला जास्तच धार आली होती.

मुलीची कंपनी लहानशी. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात बटण घालतात. पडलं-झडलं की दाबायचं. फोनला जोडलेल्या डब्यातून बाईचा आवाज येतो, तिकडे कॉम्प्युटरवर पत्ता दिसतो. बायको न्हाणीघरात पडली तेव्हा मी बाजारात होतो. तिने बटण दाबलं, अँब्युलन्स माझ्याआधी पोचली. त्या बटणाने आम्हाला हॉस्पिटलातले एकवीस दिवस दिले. आता ते खिळ्याला लटकत होतं.

"काय बिघडलंय ते मराठीत सांग," मी म्हटलं.

"कॉम्प्युटरात एक वही असते, पप्पा. कोण आलं, काय मागितलं, सगळं त्यात उतरतं. ती वही लिहिणारा प्रोग्राम आमचा नाही, बाहेरून तयार घेतलेला. त्यात भोक सापडलंय. येणाऱ्याने काही वाकडं सांगितलं, तर तो ते नुसतं लिहीत नाही, हुकूम समजून पाळतो. मग अख्खी मशीन त्या माणसाची. आज सकाळपासून कुणीतरी वाकडं लिहून बघतंय."

"मग बंद करा मशीन."

"बंद केली तर सगळी बटणं मुकी."

ते भोक माझ्या ओळखीचं होतं.

मी वीस वर्षं एका फॅक्टरीच्या गेटावर वॉचमन होतो. हिब्रू बोलायला येई, लिहिताना हात अडे. म्हणून मी रजिस्टर आणि पेन येणाऱ्याच्याच हातात द्यायचो. लिही बाबा तूच. एकाने कामाच्या रकान्यात लिहिलं, साहेबांचा हुकूम, संध्याकाळी ट्रकसाठी मागलं गेट उघडा. पुढच्या डूटीवाल्याने वाचलं आणि उघडलं. तांब्याच्या तारेची रिळं गेली. साहेबाने मला चार शिव्या घातल्या आणि एक अक्कल दिली. पेन तुझ्या हातात. तो सांगेल, तू लिही. रजिस्टरात लिहिलेला हुकूम हुकूम नसतो.

"दुसरं कुणी नाही का करणारं?"

"नवा प्रोग्राम आलाय, भोक बुजवलेला. पण जुन्यात मी हाताने फेरफार केलेत. ते मलाच ठाऊक." मग आवाज खाली आणून म्हणाली, "खबर तीन आठवड्यांपूर्वीच आली होती. आई हॉस्पिटलात होती. म्हटलं, आई घरी आली की करते."

कुणाची तरी आई आत्ता न्हाणीघरात पडली असेल, हे मेव्हणीलाही कळलं असणार. तरी म्हणाली, "भाऊजी, निदान सिनेगॉगातल्या हजानला तरी विचारा."

"हजान काय बटण दाबल्यावर येतो? जीव वाचवायला शब्बात, शनिवारचा विसावासुद्धा मोडतात. बाये, कर तू."

हापिसच्या माणसाने लॅपटॉप आणून दिला. आमची फोनलाइन त्याला जोडली, घरचा फोन गेला. दुखवट्याचा फोन लागेना म्हणून खालची शेजारीण धापा टाकत वर आली, आमच्यातलं आणखी कुणी गेलं की काय बघायला.

मला वाटलं होतं, जुनं काढायचं, नवं घालायचं, झालं. तसं नव्हतं. नव्या प्रोग्रामला आणखी एक नवा लागे, त्याला तिसरा. नवं कुलूप जुन्या कडीला बसेना, कडी बदलली तर दाराला बसेना. मुलगी अर्धं हिब्रूत पुटपुटे, अर्धं दात आवळून गिळे. मधेच मोबाइलवर हापिसवाला सांगे, पुन्हा लिहिलं त्याने, पुन्हा. ऊन भिंतीवरून सरकत होतं. मेव्हणीने शब्बातच्या बत्त्या तयार करून ठेवल्या आणि मुलीच्या हाताशी चहा ठेवला. तो गार झाला. तिने न बोलता दुसरा आणला.

"पेन कुणाच्या हातात?" मी विचारलं.

"थांबा, पप्पा."

बऱ्याच वेळाने तिने पाठ टेकली. "आपल्या." फोनची वायर काढून परत डब्याला लावली. "आता एक बटण दाबून बघायचं. वाजलं तर चालू झालं."

घरात बटण एकच होतं. मुलगी खिळ्याकडे बघत राहिली, उठली नाही. मेव्हणी म्हणाली, "मी नाही हात लावणार."

मी गुडघ्यावर हात देऊन उठलो. दोरी अजून तिच्या केसांच्या तेलाने मऊ होती. दाबलं.

काहीच झालं नाही. मुलीने तोंडावर हात धरला. मग डबा खरखरला आणि एका तरुण बाईने माझ्या बायकोचं नाव घेतलं. हिब्रूत विचारलं, "काय होतंय तुम्हाला? पडलात का?"

ते नाव कुणी खोडलंच नव्हतं.

"ती नाही," मी म्हटलं. "मी तिचा नवरा. ती मंगळवारी गेली."

ती हळू म्हणाली, "तुम्हाला मदत पाठवू का?"

"नको, पोरी. तुला ऐकू येतंय ना, एवढंच बघायचं होतं."

मुलीच्या मोबाइलवर हापिसवाला ओरडत होता, आली, ओळ आली वहीत! तिने मोबाइल बंद केला, लॅपटॉप मिटला आणि गादीवर तिच्या जागी जाऊन बसली. मी बटण पुन्हा खिळ्याला लावलं आणि तिच्या शेजारी बसलो.