राजीनाम्याचा जयपुरी अर्थ

शैलाताई गेल्याचा मेसेज मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. खाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मला तेवढंही जमेना... आता महिना होऊन गेला. मालवीय नगरमधून जाताना अजूनही मान त्यांच्या ऑफिसच्या जिन्याकडे वळते.

मूळच्या साताऱ्याच्या त्या. फौजी नवऱ्याच्या बदलीबरोबर जयपूरला आल्या आणि इथंच त्यांनी वकिली थाटली. मी त्यांच्याकडे गेले ते नवऱ्याची तक्रार हिंदीत करता येईना म्हणून. नितीन दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला होता, आणि मागच्या सीटवर आमची सहा वर्षांची मीरा झोपलेली होती. तिला घेऊन मी जगतपुऱ्यात वेगळी राहायला लागले. मला एवढंच हवं होतं की, त्यानं पुन्हा मुलीचं तोंड बघू नये. शैलाताईंनी मला मनसोक्त भांडू दिलं, चहा पाजला आणि मग समजावलं की दारूची केस सरकारची, तिथं दंड होईल, लायसन्स जाईल. पण तेवढ्यानं बाप बाद होत नाही. "मुलीचं भलं कशात आहे, एवढंच कोर्ट विचारणार," त्या म्हणाल्या. मला भयंकर राग आला. माझी वकील असून बाजू त्याची!

फॅमिली कोर्टात समुपदेशक बाई म्हणाल्या, "आप लोग राज़ीनामा कर लीजिए." नितीन ताडकन उठला. "लायसन्स घेतलंत, घ्या. पण बापपणाचा राजीनामा मी देणार नाही." हे सगळं मराठीत. बाईंना काही कळेना. मलाही क्षणभर वाटलं, माझ्याकडून आईपणाचा मागतायत की काय! शैलाताई हसल्या नाहीत. इकडे राजीनामा म्हणजे समेट, हे त्यांनी आम्हा दोघांना हळूच सांगितलं आणि नितीनचं वाक्य बाईंना जसंच्या तसं हिंदीत ऐकवलं. कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं... तो रडत होता. शेवटी राजीनामा झाला. संसाराचा नाही, मीरापुरता. दर रविवारी ती बाबाबरोबर जाणार. पण गाडीनं नाही, सिटी बसनं.

परवाच्या रविवारी नितीननं दारातच विचारलं, लायसन्स परत मिळालंय, दारू तर कधीच सुटली, आज हिला गाडीतून नेऊ का? असले प्रश्न मी आजवर शैलाताईंवर ढकलत आले, आणि दरवेळी त्या वैतागून म्हणायच्या, "अगं, पोरीला विचारलंस का?" ते म्हणायला आता कोणी नाही. म्हणून मीच विचारलं. मीरा बूट घालत होती.

"बसनंच जाऊ ना," ती म्हणाली. "मतलब, बसमध्ये बाबा माझ्याशी बोलतो."

दोघं गेली. हे शैलाताईंना सांगितल्याशिवाय मला राहवेना. त्यांचा फोन हल्ली त्यांचे यजमान, कर्नलकाका उचलतात, हे ठाऊक असूनही मी नंबर लावला आणि मीराचं वाक्य काकांना सांगितलं. काका हसले. किती छान हसले.

"थांब हं," ते म्हणाले, "हे तिलाच सांग, देतो तिला..."

आणि सवयीनं मीही फोन कानाला धरून शैलाताईंची वाट बघत राहिले.