खलाशांची वरात

पप्पांना कवळी बसली आणि त्यांचा ट्रम्पेट रुसला. फुंकर मारली की वरचे दात सुटायचे आणि सुराऐवजी नुसती हवा. आमच्या पाचूबंदर गावच्या लग्नांत आयुष्यभर बँड वाजवलेला माणूस घरात गप्प बसून राही. मला ते बघवत नसे. चर्चच्या सणाला फादरांनी जुनी मूक चित्रफीत दाखवायची आणि सोबत गावचा बँड ठेवायचं ठरवलं, तेव्हा पप्पा म्हणाले, "आता नाय जमला तर ट्रम्पेट देऊन टाकीन कोनाला तरी." ते नुसतं बोलत नाहीत, करतात. हट्टाची आमच्या घरात कधी टंचाई नव्हती.

चित्रफीत मीच इंटरनेटवर शोधली होती. शंभरेक वर्षांपूर्वीचं कुठलंसं आरमारी युद्ध, ते संपवून परतलेले खलाशी शहरातून मिरवत चाललेत. दर्यावरून माणसं घरी येतात, एवढं आमच्या गावाला पुरेसं होतं. मिरवणूक म्हटल्यावर बँडवाल्यांनी फार डोकं न खाजवता नवऱ्याला चर्चला नेतानाची चाल निवडली.

लॅपटॉप माझ्याकडे होता. फीत सुरू केली आणि पंचाईत! जुन्या कॅमेऱ्यांचा वेग वेगळा. आमच्या पडद्यावर खलाशी तुरुतुरु पळू लागले, जणू पंगत उठायला आलीय. ढोलवाला त्यांच्या पावलांमागे, क्लॅरिनेटवाला ढोलामागे. हॉलमध्ये हसून हसून पुरेवाट. पुढच्या बाकावरची माझी आत्या ओरडली, "एवढे दर्यावरून आले नि हातान एक मासली नाय!"

मीही हसले आणि मग पप्पांकडे लक्ष गेलं. धापा टाकत त्यांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला होता. संपलं, आता देणार हे कुणाला तरी.

तेवढ्यात ते माझ्यावर खेकसले, "आपून कशाला धावाचा? त्यांनाच सांग, जरा हलू चाला!"

वेग कमी करता येतो हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मी तो उतरवला. खलाशी माणसांसारखे चालू लागले आणि त्यांचे चेहरे दिसायला लागले. एक जण चालता चालता मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत होता. हॉलमधलं हसू आपोआप थांबलं. होडी किनाऱ्याला लागताना इथल्या बायकाही तशाच माना उंच करून बघतात.

पप्पांनी ट्रम्पेट उचलला. पहिला सूर फाटला. दुसरा डुगडुगला. तिसरा मात्र सरळ छपरापर्यंत गेला. चाल तीच लग्नाची, पण निवांत, आणि ढोल मुकाट्याने त्यांच्या मागे आला. मला रडू फुटलं आणि मी ते खुशाल फुटू दिलं.

फीत संपली, पडदा पांढरा झाला, बँड थांबला. पप्पा थांबेनात. आभार मानायला उठलेले फादर पुन्हा खाली बसले आणि टाळ्यांचा ठेका धरू लागले.

शेवटी पप्पांनी ट्रम्पेट खाली घेतला. शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याने मिश्कीलपणे हात पुढे केला. "देतो ना मला?"

पप्पांनी ट्रम्पेट छातीशी धरला. "मी मेल्यावर ये."